इसार गेला म्हणून रान घ्यायचं नसतं

गणपतीच्या जागरणाला साताऱ्याच्या पेठांत आणि सांगलीच्या गावभागात पत्त्यांचे डाव पूर्वीपासून बसतात. मेंढीकोट, लॅडीस, झब्बू, रमी हे आपले जुने खेळ. अलीकडे पुण्या-मुंबईहून सुटीला आलेली पोरं त्यात पोकर घेऊन येतात आणि घरातली मोठी माणसंही हौसेनं शिकतात. तीन पत्ती खेळलेल्याला जोडी, कलर, सिक्वेन्स नवे नसतात, त्यामुळे अर्ध्या तासात हात कोणता मोठा, कोणता लहान हे कळून जातं. पण एका जागी सगळ्यांचं अडतं. आपला ब्लाइंड राखायचा की सोडायचा? आमच्या घरी चिंचोके लावून खेळतात, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त चिंचोके सांडतात ते याच जागी.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं. पोकरमध्ये, म्हणजे आज सगळीकडे खेळल्या जाणाऱ्या होल्डेम प्रकारात, ब्लाइंड म्हणजे पानं वाटायच्या आधी सक्तीनं लावायची रक्कम. तीन पत्तीचं बूट सगळेच भरतात. इथे फक्त दोघं भरतात. वाटणाऱ्याच्या डाव्या हाताचा पहिला छोटा ब्लाइंड भरतो, दुसरा मोठा. आपण ५ आणि १० चिंचोके धरू. मग प्रत्येकाला दोन-दोन पानं मिळतात, मोठ्या ब्लाइंडच्या पुढच्यापासून बोली सुरू होते आणि फिरत फिरत शेवटी मोठ्या ब्लाइंडवर बसलेल्या तुमच्यापाशी येते. तोवर कोणीतरी २५ केलेले असतात. तुमचे १० आत आहेत. आणखी १५ टाकायचे का?

इथे बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं: "माझे दहा आत आहेत ना!" हे वाक्य अर्धं खरं आहे आणि त्याचा खोटा अर्धा भागच महागात पडतो.

जमिनीच्या व्यवहारातला इसार आठवा. रान बघितलं, बोलणं झालं, इसारपावती केली, दहा हजार दिले. पुढे कळलं की रानाला वाट नाही, पाण्यावरून वाद आहे. आता केवळ दहा हजार जातील म्हणून कोणी शहाणा माणूस उरलेले लाखो रुपये मोजत नाही. इसार दिला त्या क्षणी तो आपल्या खिशातून गेला. पण तेच रान चांगलं निघालं आणि व्यवहार पुरा केला, तर इसार किमतीत वळता होतो आणि तेवढी रक्कम कमी द्यावी लागते. ब्लाइंड तंतोतंत असाच आहे. तो तुमचा राहिलेला नाही, म्हणून त्याच्या रक्षणासाठी काही करायचं नाही. मात्र तो आत असल्यामुळे तुम्हाला हा डाव इतरांपेक्षा स्वस्तात मिळतो, म्हणून इतर जण टाकतील अशी काही पानं तुम्ही खेळू शकता. "ब्लाइंड राखणं" हा शब्दच मला खटकतो, कारण तो पहिल्या चुकीकडे ढकलतो. प्रश्न राखण्याचा नाही, भावाचा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळकुंड मोडून रंग बघणारा खरेदीदार जो विचार करतो, तोच इथे करायचा: माल असा आहे, भाव असा आहे, या भावाला हा माल परवडतो का?

भाव काढायला सोपं आहे. समोरच्यानं २५ केले, छोट्या ब्लाइंडनं पानं टाकली. मध्ये २५ अधिक ५ अधिक तुमचे १०, असे ४० चिंचोके पडलेत. तुम्हाला १५ टाकायचेत. टाकल्यावर ढीग होतो ५५. पंधराला पंचावन्ननं भागा, सत्तावीस टक्के येतात. म्हणजे चारांत एकदा पुरत नाही, त्याहून थोडं जास्त वेळा जिंकावं लागेल. समोरच्यानं २० च केले असते तर १० टाकून ४५ चा ढीग, २२ टक्के. ३० केले तर ३१ टक्के. ४० केले तर ३५ टक्के. बोली जितकी मोठी तितकी तुमची सवलत पातळ होत जाते. घरच्या डावात मी पाहतो ते उलटंच. कोणी २० केले काय आणि ५० केले काय, "बघू तरी" म्हणून तीच पानं आत येतात. हा हिशेब बोटांवर होतो आणि दोन-तीन बैठकांत अंगवळणी पडतो. तेवढा जरूर शिकून घ्या.

आता खरी मेख. होल्डेममधली सर्वांत वाईट म्हणून ओळखली जाणारी पानं म्हणजे वेगवेगळ्या रंगांची सत्ती आणि दुर्री. कुठल्याही दोन अनोळखी पानांसमोर, सगळ्यांसाठी सामाईक असलेली मधली पाचही पानं उघडली तर, ही जोडगोळी १०० पैकी जवळपास ३५ वेळा जिंकते. मग २७ लागतात आणि ३५ मिळतात, म्हणजे सत्ती-दुर्री खेळायची? नाही. कारण पाचही पानं फुकट उघडत नाहीत. फ्लॉप, म्हणजे मधली पहिली तीन पानं, पडल्यावर हातातल्या वेगवेगळ्या दोन पानांपैकी एकाची तरी जोडी लागण्याची शक्यता तिनांत एकदा, नेमकं सांगायचं तर ३२ टक्के. उरलेल्या वेळी समोरचा आणखी चिंचोके टाकतो आणि तुम्हाला पानं टाकावी लागतात. पुढच्या पानांत तुमचा डाव बनणार होता हे कोणी विचारत नाही. शिवाय सत्तीची जोडी लागली तरी ती किती वेळ धरून ठेवणार? कागदावरचे ३५ टक्के हातात पडेपर्यंत बरेच झिजतात. द्राक्षवाल्याला हे वेगळं सांगायला नको. वेलीवरच्या घडांचा अंदाज आणि पेटीत भरलेला माल यांत मणीगळ, घडकुज, पाऊस सगळं येऊन जातं.

तासगाव भागातल्या बागायतदारापुढे ऑक्टोबर छाटणीनंतर दरवर्षी हाच पेच येतो. फुलोऱ्यात पाऊस झाला, डाऊनी रोग आला, आतापर्यंत एकरी बराच खर्च झालाय. आणखी फवारण्या घ्यायच्या की नाही? जाणता माणूस मागचा खर्च बाजूला ठेवतो आणि इथून पुढे किती घालायचे, इथून पुढे किती हाती येईल एवढंच जुळवतो. पत्त्यांत चूक झाली तर चिंचोके जातात, बागेत वर्ष जातं, पण हिशेबाची रीत एकच.

कोणती पानं कमी झिजतात? जी मोठा डाव बनवू शकतात ती. दोन्ही एका रंगाची, लगतची, छोटी जोडी. इस्पिकची अठ्ठी-सत्ती बघायला किरकोळ वाटते, पण फ्लॉपला दर नऊ वेळांत एकदा कलरची आस लागते, सिक्वेन्सच्या वाटा उघडतात, आणि काहीच लागलं नाही तर मनाला न लावता टाकता येते. छोट्या जोडीचं तिसरं पान फ्लॉपला साडेआठात एकदा येतं. आलं की समोरच्याला पत्ता लागत नाही. याउलट वेगळ्या रंगांची राजा-चौकी किंवा राणी-पंजी दिसायला चित्राची, पण आत पोकळ. एक आकडा लक्षात ठेवा. दोन पानं वाटण्याचे एकूण १३२६ प्रकार होतात. त्यातले ९३६, म्हणजे दहांत सात, वेगवेगळ्या रंगांचे आणि बिनजोडीचे असतात. तुमच्या ब्लाइंडचा बराचसा नफा-तोटा दहांतल्या या सात वेळी तुम्ही काय करता यावर ठरतो. जोडी आणि एका रंगाची पानं फारशी कोणी चुकवत नाही.

एक डाव मी अजून विसरलो नाही. आत्यानं पहिल्या, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या लगेच पुढच्या जागेवरून २५ केले. माझा चुलतभाऊ मोठ्या ब्लाइंडवर, हातात बदामचा एक्का आणि किलवरची चौकी. बाकी सगळ्यांनी पानं टाकली. "एक्का आहे, दहा आत आहेत," म्हणत त्यानं १५ टाकले. फ्लॉपला एक्का, नव्वी, दुर्री. आत्यानं ३० टाकले, त्यानं दिले. पुढच्या पानावर ६०, दिले. शेवटी १२०, थोडा थांबला, पण दिले. आत्यानं शांतपणे एक्का-राजा उलटा केला.

"आत्या, आता तूच सांग, एक्का लागल्यावर मी तो कसा सोडायचा?"

"लागल्यावर नाही रे. मी पहिल्या जागेवरून वाढवलं, तेव्हा सोडायचा. मी उगीच वाढवते का कधी?"

पंधराचा प्रश्न होता, गेले २२५. एक्का-चौकीसमोर एक्का-राजा असला की चौकीवाला चारांत साधारण एकदाच वाचतो. आणि त्रास असा की, त्याला एक्का लागतो तेव्हाच तो सर्वांत जास्त हरतो. पान लागूनही मार देणारी अशी पानं ओळखायला शिकणं, हे या विषयातलं निम्मं शिक्षण आहे. आत्याचं दुसरं वाक्य तर सोन्याचं आहे. कोणी वाढवलं आणि कुठल्या जागेवरून वाढवलं, हे आपल्या पानांइतकंच महत्त्वाचं.

पहिल्या जागेवरचा माणूस वाढवतो तेव्हा त्याच्यामागे सात-आठ जण बोलायचे असतात, म्हणून तो भारी पानांवरच वाढवतो. त्याच्यासमोर जोड्या, एका रंगाची चित्रं, एका रंगाची लगतची पानं, एका रंगाचा एक्का आणि वेगळ्या रंगांत एक्का-राणीपर्यंतचं चालतं, बाकी सोडा. सर्वांत शेवटी, वाटणाऱ्याच्या जागेवर बसलेला माणूस वाढवतो तेव्हा त्याच्यासमोर फक्त दोन ब्लाइंड उरलेले असतात. तो अर्ध्याअधिक वेळा निव्वळ ते उचलायला येतो. त्याच्या २५ ला तुम्ही वेगळ्या रंगांचा कोणताही एक्का, राजा-नव्वी, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, आणि एका रंगाची बहुतेक बरी पानं खेळू शकता. इथे लाजून टाकत बसलात तर त्याचं फावतं. हिशेब बघा: तो २५ लावून १५ मिळवायला बघतोय. चाळीसांतले पंचवीस, म्हणजे साडेबासष्ट टक्क्यांपेक्षा जास्त वेळा तुम्ही दोघांनी पानं टाकली, तर हातात काहीही नसताना तो फायद्यात. त्यामुळे दोघांनी मिळून साडेसदतीस टक्के तरी उत्तर द्यायला हवं, आणि त्यातला मोठा वाटा मोठ्या ब्लाइंडचा.

हे कागदावरचं झालं. समोर बसलेला माणूस कागदापेक्षा मोठा. तुमचा मामा वाटणाऱ्याच्या जागेवरूनही फक्त राण्या आणि एक्के घेऊनच वाढवत असेल, तर त्याला पहिल्या जागेवरचा माणूस समजा. एखादा मित्र दर फेरीला हात पुढे करत असेल तर त्याला मोकळं सोडू नका.

छोट्या ब्लाइंडवर मात्र कडक राहा. फक्त पाचच आत आहेत, २० टाकायचेत, ३३ टक्के लागतात, मागे मोठा ब्लाइंड अजून बोलायचाय, आणि फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी आधी बोलायचं ते तुम्हीच. पोकरमध्ये शेवटी बोलणारा सगळ्यांचं बघून ठरवतो. आधी बोलणारा अंधारात पाऊल टाकतो. म्हणून छोट्या ब्लाइंडवरून नुसतं देऊन आत जाणं मी जवळजवळ बंद केलंय. पानं भारी असतील तर उलटं वाढवायचं, समोरच्या २५ ला १०० च्या आसपास, नाही तर टाकायची. मोठ्या ब्लाइंडवरही एक्क्यांची, राजांची, राण्यांची जोडी आणि एक्का-राजा उलटं वाढवण्यासाठीच असतात. त्यांत कधीमधी एका रंगाचं एक्का-पंजीसारखं पान मिसळा. एक एक्का तुमच्या हातात असल्यानं समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता घटते, आणि तुम्ही वाढवलंत की एक्क्यांची जोडीच असणार असं टेबलाला वाटणं थांबतं.

सगळ्यांनी पानं टाकली आणि एकट्या छोट्या ब्लाइंडनं वाढवलं, तर चित्र पालटतं. आता फ्लॉपनंतर शेवटी बोलणारे तुम्ही. इथे हात मोकळा सोडा. आणि कोणी वाढवलंच नसेल तर पानं कधीच टाकू नका. हे सांगावं लागतं, कारण नवे खेळाडू वाईट पानं पाहून फुकटचा फ्लॉपही सोडून देतात.

२५ ला आधीच दोघांनी दिले असतील तर तुम्हाला भाव फारच स्वस्त पडतो. मध्ये ९० पडलेत, १५ टाकायचे, १४ टक्के. छोटी जोडी, एका रंगाची लगतची पानं इथे हमखास घ्या. पण राजा-नव्वीसारखी पानं अशा गर्दीत उलट कमजोर होतात, कारण चौघांत नुसत्या जोडीवर डाव क्वचित निघतो. स्वस्त आहे म्हणून नासका माल भरायचा नाही.

स्पर्धेचा डाव असेल, ब्लाइंड वाढत जात असतील आणि तुमच्याकडे मोठ्या ब्लाइंडच्या दहापट चिंचोके उरले असतील, तर फ्लॉप बघून ठरवू ही चैन परवडत नाही. तिथे एक तर सगळे आत, नाही तर पानं बाहेर. बक्षिसाच्या जवळ आल्यावर तुमच्याहून कमी चिंचोके असलेला कोणी शिल्लक असेल तर आणखी आवरा.

आता पैशांबद्दल स्पष्ट बोलतो. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्या महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांच्या पेपरांत अड्ड्यांवरच्या छाप्यांच्या बातम्या येत असतात. मोबाइलवर पैसे लावून खेळायचे पत्ते, मग तो खेळ कौशल्याचा म्हणा की नशिबाचा, केंद्राच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं बंद केले. त्याला राष्ट्रपतींची संमती २२ ऑगस्ट २०२५ ला मिळाली. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत एकवीस वर्षांवरच्यांना खेळता येतं, पण तिथे ढिगातून कॅसिनोचा वाटा कापला जातो, म्हणजे वर काढलेल्या प्रत्येक टक्केवारीत तुमची बाजू आणखी उणी होते आणि काठावरची पानं तोट्याची ठरतात. माझं सांगणं आहे की हा खेळ घरी, चिंचोक्यांवर शिका. "माझे आत आहेत" या एका वाक्यापायी ब्लाइंडवर पंधरा चिंचोके जातात. त्याच वाक्यापायी गेलेले पैसे परत आणायला बसलेली माणसं घरदार घालवतात. तुमच्या घरातलं कोणी असं बसत असेल तर पत्ते उचलून ठेवा आणि त्याच्याशी बोला.

शेवटी आपल्या खेळाची पारख कशी करायची ते सांगतो, कारण इथे चांगले खेळाडूही स्वतःला फसवतात. मोठ्या ब्लाइंडवरून कोणीच दीर्घकाळ फायद्यात नसतो. न बघता सक्तीनं लावलेले पैसे आहेत, तोटा ठरलेलाच. म्हणून "मी ब्लाइंडवर हरतो" ही तक्रार नाही. दर वेळी पानं टाकलीत तर प्रत्येक मोठ्या ब्लाइंडला १० चिंचोके जातात. आपलं काम ते दहाचे सात किंवा सहा करण्याचं. एक वही घ्या. फक्त मोठ्या ब्लाइंडचे डाव लिहा: पानं कोणती, कोणी कुठल्या जागेवरून किती केले, शेवटी किती गेले किंवा आले. शंभर डावांत नशीब बरंच इकडेतिकडे करतं, म्हणून पुढच्या गणपतीपर्यंत लिहीत राहा. शंभरामागे हजाराहून कमी चिंचोके गेले असतील तर तुमचं बरं चाललंय. जास्त गेले असतील तर वही उघडा आणि वेगळ्या रंगांची पानं, छोट्या आकड्याबरोबरचे एक्के आणि राजे, यांच्या ओळी आधी तपासा. गळती बहुधा तिथेच सापडते.